आवडीचा मालक कोण?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी खान्देशात एकाच घरात दोन कामे शेजारी-शेजारी चालतात. सकाळी पितरांच्या नावाने घागर भरायची, खापरावरच्या मांड्यांचा आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. दुपार उतरली की माहेरी आलेल्या लेकी झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणणार आणि गडीमाणसे पारावर, ओट्यावर पत्त्यांचा डाव मांडणार. एरवी पत्त्यांचा कॅट नुसता दिसला तरी ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, त्या घरातही या दिवशी कोणी कोणाला हटकत नाही. सणाला पूजा आणि खेळ इतके सहज एकत्र नांदत असतील, तर वर्षाचे उरलेले दिवस त्यांच्यात भांडण कशाचे?

हे भांडण सर्वांत जास्त वाट्याला येते ते कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींच्या. पिंप्राळ्याचेच घ्या. एके काळचे हे स्वतंत्र गाव आता जळगाव शहरात मिसळून गेले आहे. हुडकोची वसाहत, नव्या कॉलन्या आणि जुन्या गावातले विठ्ठल मंदिर हे सगळे आता एकाच नावाखाली येते. आषाढी एकादशीला इथे विठ्ठलाचा रथ निघतो आणि पंढरपूर गाठता न आलेली जळगावकर मंडळी त्या दिवशी पिंप्राळ्याची वाट धरतात. त्याच गर्दीत सकाळी रथाच्या दोराला हात लावणारा विशी-बाविशीचा मुलगा रात्री मोबाइलवर बीजीएमआय खेळत असतो. त्याच्या कानात कधी अरिजित सिंग असतो, कधी लग्नाच्या वरातीत हमखास वाजणारे विनोद कुमावत यांचे ‘झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणे. कपाटात स्पर्धा परीक्षेच्या गाइडांच्या ढिगात ‘मृत्युंजय’ आणि ‘श्यामची आई’ तग धरून असतात. रविवारी मैदानात टेनिस बॉलचे क्रिकेट, पावसाळ्यात मित्राच्या घरी कॅरम.

त्याच्यावर घरातून दोन बाजूंनी प्रश्न येतात. वडील विचारतात, याने काय मिळणार? आजी विचारते, एवढा वेळ देवाला दिला असता तर? पहिला प्रश्न पैशाचा आणि दुसरा धर्माचा वाटतो. खरे तर दोघेही एकच गोष्ट म्हणत असतात: ज्यातून काही निष्पन्न होत नाही, त्यात आयुष्य घालू नये. वडिलांचे निष्पन्न म्हणजे नोकरी आणि आजीचे निष्पन्न म्हणजे पुण्य, एवढाच फरक. धर्माने, तत्त्वज्ञानाने याचे उत्तर काय दिले आहे, हे पाहायला लांब जावे लागत नाही. त्यातला बराचसा ऐवज खान्देशात आणि त्याच्या आसपासच सापडतो.

सुरुवात सर्वांत कडक उत्तरापासून करू. पाली दीघनिकायातले पहिलेच सुत्त म्हणजे ब्रह्मजाल सुत्त. त्यात बुद्ध ज्या गोष्टींपासून दूर राहतो त्यांची लांबलचक यादी आहे आणि त्या यादीत खेळांना चांगली जागा मिळाली आहे. आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटावरचे खेळ, तोच पट मनात कल्पून हवेत खेळायचा प्रकार, फासे, चेंडू, लांब काठीने आखूड काठी उडवण्याचा म्हणजे आपल्या विटीदांडूचा पूर्वज, पानांची पिपाणी, खेळण्यातला नांगर, खेळण्यातला रथ, कोलांट्या, पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखायला लावणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. मनोरंजन टाळायला सांगताना त्या काळच्या मनोरंजनाची इतकी बारीक नोंद झाली, की प्राचीन भारतातल्या खेळांचा अभ्यास करणाऱ्यांना आजही याच यादीकडे यावे लागते.

पण ही यादी कोणासाठी आहे, हे विसरून चालत नाही. घर सोडून निघालेल्या आणि इतरांनी घातलेल्या अन्नावर जगणाऱ्या श्रमणाने खेळात रमू नये, एवढाच तिचा रोख आहे. गावातल्या पोरांनी विटी टाकून द्यावी, असे ती म्हणत नाही. आणि ज्यांनी खेळ सोडला त्यांनी तो नजरेआड तरी कुठे केला? जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडित जातक रंगवलेले आहे. त्यात झोक्यावर बसलेली नागकन्या इरंदती आहे आणि पुण्णक यक्ष कुरूंच्या राजाशी फासे खेळून विधुराला जिंकून घेतो, तो प्रसंगही आहे. पाचव्या शतकात या विहारात राहणारे भिक्खू रोज झोका आणि जुगार यांच्या चित्रांसमोरून ये-जा करत होते. आखाजीच्या दुपारचे दोन्ही खेळ त्या भिंतीवर आहेत. त्यांना वर्ज्य होते ते खेळाच्या हाती सापडणे. जातकातला राजाही फासे खेळला म्हणून अडचणीत आला नाही. डावाच्या भरात आपल्या राज्यातला सर्वांत शहाणा माणूस पणाला लागला, तिथे त्याचे चुकले.

वैदिक परंपरेत तर खुद्द देवच खेळतात. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत आहेत आणि पार्वतीचा आव हरण्याच्या बेतात असलेल्या माणसाचा मुळीच नाही. वेदान्तात हाच विचार तर्काच्या वाटेने आला. ब्रह्माला काहीच हवे नाही, मग त्याने जग निर्माण कशाला केले, हा प्रश्न ब्रह्मसूत्रकारांनी दुसऱ्या अध्यायात घेतला आणि ‘लीला’ म्हणून उत्तर दिले. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी दिलेला दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याच्या सर्व इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा काही मिळवायचे नसतानाही क्रीडा करतो, किंवा श्वास जसा कोणत्याही हेतूशिवाय स्वभावानेच चालतो, तसे हे. म्हणजे वडिलांचा ‘याने काय मिळणार’ हा प्रश्न शंकराचार्यांपुढे ठेवला असता, तर त्यांनी तो जगाच्या निर्मितीलाही लागू पडत नाही, असेच सांगितले असते.

इथे एक सोपी पळवाट दिसते. देव हेतूशिवाय खेळतो, गीता फळाची आशा सोडायला सांगते आणि मी गेम खेळताना फळाची आशा धरत नाही, म्हणून माझे गेमिंग हाच निष्काम कर्मयोग! असा युक्तिवाद हॉस्टेलच्या खोलीत टाळ्या घेईल, पण टिकणार नाही. शंकराचार्यांचा राजा तृप्त आहे, तो खेळतो कारण त्याला कशाची भूक नाही. आपण बहुतेकदा खेळतो ते कंटाळा, काळजी किंवा उद्याचा पेपर विसरायला. आणि गीतेतल्या अर्जुनाला सांगितलेले काम त्याच्या आवडीचे नव्हतेच. नको असलेले कर्तव्य फळाचा हिशेब न करता करणे आणि हवीहवीशी गोष्ट करत बसणे, यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर कसे तुटेल, यावर मराठीतले सर्वांत सुबोध विवेचन खान्देशच्याच एका तुरुंगात झाले. १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि समोर बसलेले साने गुरुजी ते उतरून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. विनोबांनी तिथे कर्म आणि विकर्म यांचा जो उलगडा केला, तो विद्यार्थ्याच्या आवडींना नेमका लागू पडतो. बाहेरून दिसणारी कृती म्हणजे कर्म. तिच्यात मन ओतले जाणे म्हणजे विकर्म. ही दोन्ही एकत्र आली की कामाचे ओझे उरत नाही, करून न केल्यासारखे होते, ते अकर्म. नुसत्या कर्मात माणूस राबतो, त्यात मन मिसळले की हलका होतो.

आता पिंप्राळ्याच्या त्या मुलाकडे पुन्हा पाहावे. अकाउंटन्सीच्या वहीपुढे तो कर्म करतो, मन मात्र बाहेर हुंदडत असते. कॅरमच्या बोर्डावर, बासरीच्या एखाद्या सुरावर किंवा कादंबरीच्या साठाव्या पानावर त्याचे मन कोणी न सांगता ओतले जाते. मन ओतणे म्हणजे काय, याचा अनुभव बहुतेकांना आयुष्यात पहिल्यांदा कर्तव्यात नव्हे, आवडीत येतो. ज्याने तो कधीच घेतला नाही, त्याला पुढे कामात किंवा नामस्मरणात मन लावायला सांगून उपयोग काय? कशासारखे लावायचे हेच त्याला ठाऊक नसणार. आवड ही साधना नव्हे. पण साधनेला लागणारी एक गोष्ट ती शिकवून ठेवते.

वारकरी संतांनी हे फार लवकर ओळखले होते. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुंबरी, टिपरी, विटूदांडू अशा खेळांवर रचलेले अभंग आहेत. ही नुसती रूपके म्हणून सोडून देता येत नाहीत, कारण हे खेळ वारीच्या वाटेवर प्रत्यक्ष खेळले जातात. मुक्ताबाईची पालखी मुक्ताईनगरच्या कोथळीहून पंढरपूरला निघते. तापी-पूर्णेच्या काठापासून चंद्रभागेपर्यंतची ही वाट राज्यातल्या सर्वांत लांबच्या वारी-मार्गांपैकी एक आहे. महिनाभर चालून पाय भरून आलेली साठीची माणसे वाटेत रिंगण धरतात, पावली खेळतात, फुगडीत गरगर फिरतात. त्यांना कोणी विचारत नाही की, या वयात हे काय? खेळ आणि भक्ती यांच्यामध्ये तिथे कोणी कुंपण घातलेले नाही. कारण त्या रिंगणात कोण जिंकले याची नोंद होत नाही, आणि कोणाला चांगले जमते म्हणून कोणाची पत वाढत नाही.

मोक्षपटाची गोष्ट याहून बोलकी आहे. सापशिडीचा हा पूर्वज महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. पटावर शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचे घर मोक्षाचे किंवा वैकुंठाचे. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला, तिथे त्याचे सोंगट्या-फाशांचे मूळ रूप राहिले आणि अर्थ हळूहळू गळून पडला. आज मोबाइलवर सापशिडी खेळणाऱ्याला साप का चावला याचे कारण कळत नाही, फक्त आकडा कमी झालेला दिसतो. मुलांना नीती शिकवायची तर खेळ बंद करावा लागत नाही, खेळाच्याच पटावर ती मांडता येते, एवढा विश्वास त्या पटाच्या कर्त्यांना होता.

संगीताच्या बाबतीत धर्मांची ओढाताण जास्त झाली. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये कबूल केले आहे की, चर्चमधली स्तोत्रे ऐकताना कधी कधी शब्दांपेक्षा गाणाराचा आवाजच त्याला जास्त हलवून जाई, आणि तसे झाले की त्याला अपराधी वाटे. गाणे बंदच करावे काय, इथपर्यंत तो पोहोचला आणि मग मागे फिरला, कारण त्याच गाण्यांनी धर्माकडे वळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आणले होते. ११११ साली निवर्तलेल्या इमाम गझालींपुढेही हाच पेच होता. संगीत ऐकणे योग्य की अयोग्य, यावर त्यांनी सरसकट फतवा दिला नाही. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे आहे तेच संगीत ढवळून वर आणते, त्यामुळे निवाडा गाण्याचा नसून ऐकणाऱ्याचा आहे, असा त्यांचा कल दिसतो.

जळगावला हा पेच नवा वाटणार नाही. दरवर्षी जानेवारीत वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव इथे भरतो. ज्यांच्या नावाने तो भरतो त्या नारायणराव राजहंसांनी रंगभूमीवर शृंगाराची पदे गायली आणि उतारवयात भजनेही गायली. गळा तोच, सूरही तेच. त्यातल्या कोणत्या गाण्यात किती भक्ती होती, हे श्रोत्यांपैकी प्रत्येकाने आपापले ठरवायचे. कीर्तनालाही लोक एकाच कारणाने जात नाहीत. कोणी निरूपणासाठी जातो, कोणी पखवाजासाठी, कोणी केवळ बुवांची तान ऐकायला. बुवा सगळ्यांनाच बसू देतात.

कलेच्या आनंदाबद्दलचा सर्वांत खोल विचार मात्र अमळनेरशी जोडलेला आहे. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. साने गुरुजी अमळनेरला आले ते याच संस्थेत अभ्यास करायला आणि मग १९२४ पासून सहा वर्षे तिथल्या हायस्कुलात शिक्षक राहिले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते चालवत. परीक्षेत ज्याला एक गुण नाही असे काम रोज रात्री जागून करणारा शिक्षक त्या मुलांना मिळाला होता. याच तत्त्वज्ञान मंदिराने १९३० साली कृष्णचंद्र भट्टाचार्य या बंगाली तत्त्वज्ञाचे ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे भट्टाचार्य काही काळ या संस्थेचे संचालकही होते.

भट्टाचार्यांनी रसाच्या कल्पनेवर एक निबंध लिहिला आहे. त्यात आनंदाच्या तीन पायऱ्या त्यांनी एका साध्या दृश्यातून दाखवल्या. मूल खेळण्याशी खेळते आहे. त्याचा आनंद थेट त्या खेळण्याचा. आजोबा मुलाकडे पाहत आहेत. त्यांना खेळणे नको आहे, मुलाच्या आनंदाने ते आनंदले आहेत. आणि तिसरा कोणी या आजोबांकडे पाहतो आहे. त्याच्या मनातला आनंद ना खेळण्याचा, ना त्या विशिष्ट मुलाचा. ‘माझे’ म्हणावे असे त्यात काही उरलेले नाही, तरी आनंद आहे. रसाचा अनुभव तो हाच. आपल्याकडे काव्यशास्त्रात साधारणीकरण म्हणतात त्याचेच हे आधुनिक विवेचन.

या तीन पायऱ्या हाताशी ठेवल्या की विद्यार्थ्याच्या आवडींचा प्रश्न बराच सुटसुटीत होतो. खेळ चांगला की वाईट, हे गाणे सात्त्विक की ते, अहिराणी डीजे की अभंग, या वादात फारसे हाती लागत नाही. विचारायचे ते एवढेच, की या आवडीत ‘मी’ विरघळतो आहे की फुगतो आहे?

फुगण्याचे उदाहरणही खान्देशी साहित्यातच आहे आणि ते मराठीतले बहुधा सर्वांत प्रसिद्ध कॉलेजकुमाराचे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खान्देशातल्या गावाहून पुण्याला शिकायला जातो. तिथे तो वक्तृत्वात, गॅदरिंगमध्ये, मेसच्या कारभारात, मित्रांना चहा पाजण्यात स्वतःला झोकून देतो. वडिलांचा पैसा पाण्यासारखा जातो. हळूहळू त्याच्या लक्षात येते की यातले बरेचसे आवडीने केले नव्हते, आपण कोणीतरी आहोत हे दिसावे म्हणून केले होते. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते तेव्हा तर असल्या सगळ्या मिरवणुकीतली हवाच निघून जाते. याच कादंबरीत अजिंठाही येतो, आणि तिथल्या बुद्धासमोर सांगवीकरचे जगणे-मरणे वेगळ्याच उजेडात दिसू लागते. नेमाड्यांनी उपदेश कुठेच केलेला नाही. पण हौशी आणि छंदांनी भरलेले कॉलेजजीवन आतून किती रिकामे असू शकते, हे त्यांच्याइतके निर्दयपणे मराठीत फार थोड्यांनी लिहिले.

दुसऱ्या टोकाला बहिणाबाई चौधरी आहेत. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या या बाईला लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे काम करता करता त्या गाणी रचत आणि म्हणत. ती लिहून ठेवली ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. म्हणजे आपण कवयित्री आहोत हे महाराष्ट्राने मान्य केलेले त्यांनी पाहिलेच नाही. गाणे हा त्यांचा छंद होता की भक्ती, की नुसती दळणाची सोबत, असा प्रश्न त्यांना कोणी केला असता तर त्यांनी जाते थांबवले नसते. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि त्याच विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर पिंप्राळ्याच्या मुलाची टक्केवारी छापून येते.

त्या गुणपत्रिकेत अलीकडे एक नवी गोष्ट शिरली आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची जी फेररचना झाली, तिच्यात खेळ, सांस्कृतिक उपक्रम, एनएसएस, एनसीसी यांनाही श्रेयांक मिळतात. वर्षानुवर्षे ‘अभ्यास सोडून नसते उद्योग’ म्हणून ज्यांची हेटाळणी झाली त्यांना मान मिळाला, हे चांगलेच झाले. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकताना टेबल टेनिसच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकणारी एक विद्यार्थिनी पुढे देशाची राष्ट्रपती झाली. प्रतिभाताई पाटलांच्या त्या खेळाला तेव्हा श्रेयांक नव्हते, आणि राष्ट्रपतिपदाशी त्याचा संबंध जोडणेही हास्यास्पद ठरेल. खेळ तेव्हा खेळ होता. श्रेयांकांनी एक अडचण आणली आहे ती हीच. घरातल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याला, म्हणजे ‘काय मिळणार’ला, आता उत्तर मिळाले: दोन क्रेडिट. पण ज्या एका कोपऱ्यात विद्यार्थी मोबदला न विचारता मन ओतत होता, तिथेही त्याच्या हातात हजेरीपत्रक आले.

हेच काम बाजार जास्त सफाईने करतो. गाण्याचे ॲप वर्षअखेरीला तुम्ही कोणते गाणे किती वेळा ऐकले याचा रंगीत ताळेबंद देते, आणि तो स्टेटसला लावला जातो. गेममध्ये डाव संपला तरी ‘रँक’ उरते, आणि ती टिकवायला उद्या पुन्हा यावे लागते. आवड तुमची, पण तिची वही दुसऱ्याकडे. यातला सर्वांत घातक प्रकार पैशाच्या डावाचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. फासे सोडवत नाहीत, बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, असे रडगाणे तो गातो. तीन हजार वर्षांनंतर तेच गाऱ्हाणे मोबाइलवरच्या रमीबद्दल ऐकू येऊ लागले, तेव्हा संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करावा लागला. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे काढून त्यांना मान्यता दिली. खेळ नव्हे, खेळातला लोभ वर्ज्य, ही जुनीच रेघ सरकारने नव्याने ओढली. लोभ फक्त पैशाचाच नसतो, हे मात्र कायद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मग ही आवड आपल्या ताब्यात आहे की आपण तिच्या, हे ओळखायचे कसे? जळगावच्या रथोत्सवांत याचा एक चांगला नमुना दिसतो. रथ ओढायला शेकडो हात पुढे येतात, उत्साहाला तोटा नसतो. पण जड रथ अरुंद गल्लीतून सुखरूप नेतात ते चाकाखाली मोगरी टाकणारे. लाकडाचा तो ठोकळा नेमक्या क्षणी नेमक्या चाकापुढे सारून ते रथाला वळवतात, थांबवतात. ओढणाऱ्यांवाचून रथ हलत नाही आणि मोगरीवाल्यांवाचून तो भिंतीत घुसतो. तरुणपणी आवडींना ओढणारे हात भरपूर असतात, मोगरी टाकायची सवय कोणी लावत नाही. घरच्यांना वाटते रथच जागेवर ठेवला की धोका टळला.

म्हणून कसोटी साधी ठेवावी. कोणी पाहत नसताना, रँक मिळणार नसताना, स्टेटस लावायचा नसतानाही ती गोष्ट करावीशी वाटते का? आई आजारी आहे, मित्राला रक्त हवे आहे, उद्या परीक्षा आहे, अशा वेळी ती हातातून सहज सुटते का? आणि ती करून उठल्यावर माणूस भोवतालच्या माणसांशी थोडा मोकळा होतो की जास्त चिडचिडा? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरी आली, तर कॅरम खेळणारा मुलगा आजीच्या जपमाळेपासून फार दूर नाही. ती बरी आली नाहीत, तर जपाची संख्या मोजून सांगणाऱ्यालाही हीच कसोटी लावून पाहायला हरकत नाही. मोजणे आणि मिरवणे हा रोग गेमपुरता मर्यादित नाही.

आजीच्या तक्रारीत तथ्य आहे, हेही म्हटले पाहिजे. विनोबांच्या हिशेबाने आवडीत ओतलेले मन आवडीपुरतेच राहिले तर काम अर्धेच झाले. बासरीवर जी एकाग्रता येते ती अकाउंटन्सीत, घरच्या कामात, आजारी माणसाच्या उशाशी बसण्यात उतरली पाहिजे. ती आपोआप उतरत नाही, तिथे शिस्त लागते, आणि शिस्त शिकवण्यात धर्मपरंपरांचा हात धरणारे दुसरे कोणी नाही. आजीने एवढेच करावे की मुलाला हातातले टाकून देवापुढे बसायला सांगण्याऐवजी, ज्या मनाने तो तिथे बसला आहे तेच मन घेऊन इथे ये, असे सांगावे.

वडिलांना आणि कॉलेजांना सांगायचे ते याहून थोडे आहे. श्रेयांक द्यावेत, स्पर्धा भरवाव्यात, चषक वाटावेत. पण त्याबरोबर एक मैदान, एक तबला-पेटीची खोली आणि ग्रंथालयाचे एक कपाट असे ठेवावे, की जिथे हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही आणि ‘याचा उपयोग काय’ असे कोणी विचारणार नाही. पिंप्राळ्यासारख्या ठिकाणी, जिथे मोकळ्या जागांवर भराभर इमारती उठत आहेत, त्यातले निदान मैदान तरी आधी राखून ठेवायला हवे.